खुणांनी बोलणारं पात्र खेळायचं? आधी हात खाली घ्या

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरमधली पाच-सहा मित्रमंडळी शनिवारी रात्री सुदामानगरात एकाच्या घरी जमून रोलप्ले खेळतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र बोलतात, अडेल तिथे फासे टाकतात. जातकुळी डन्जन्स अँड ड्रॅगन्सची, पण राक्षस आणि चेटूक वजा करून त्यांनी गोष्ट होळकरशाहीत आणली आहे, अहिल्याबाईंच्या काळातल्या महेश्वरला. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं पात्र म्हणजे गोदा. विणकराची मुलगी, जन्मापासून बधिर, खुणांनी बोलते आणि जासुदांसाठी बातम्या काढते. पहिल्या बैठकीत ताईंनी गोदाचं बोलणं हातवारे करून दाखवलं, सगळे हसले, आणि नंतर त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. एक मित्र म्हणतो, असं पात्र घ्यायलाच नको, ही थट्टाच होणार. दुसरा म्हणतो, खेळ आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. मग करायचं काय?

मी इंदूरला सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. हौशी मराठी नाटकांत अशा भूमिका बसवून दिल्या आहेत, आणि भाच्यामुळे या फाशांच्या खेळाचाही नाद लागला आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी अंगणातला.

माझं उत्तर: गोदा खेळा, बिनधास्त खेळा. फक्त हात खाली घ्या आणि तोंडाने बोला.

हे उलटं वाटेल, पण विचार करा. तुमच्या त्याच खेळात कोणीतरी भिल्ल वाटाड्या असेलच. त्याचा खेळाडू भिलीच्या नावाखाली तोंडाला येतील ते आवाज काढतो का? नाही. तो म्हणतो, 'वाटाड्या आपल्या बोलीत सांगतो की पुढचा ओढा रात्री ओलांडू नका,' आणि पुढे सरळ मराठीत बोलतो. दरबारातला फारसी जाणणारा मुनशीही तुमच्याकडे मराठीच बोलत असणार. मग गोदाच्याच वेळी हवेत बोटं नाचवायची गरज का पडली? कारण मनात कुठेतरी असं असतं की खुणा म्हणजे भाषा नव्हे, खुणा म्हणजे अभिनय. हसू आलं ते तिथूनच. मनाने रचलेले हातवारे बघून बधिर माणसाला तसंच वाटतं, जसं मराठी न येणाऱ्याने 'आंडूगुंडू' करून मराठी बोलल्याचा आव आणला तर आपल्याला वाटेल.

फरक प्रत्यक्ष बघा. पहिल्या बैठकीत झालं असेल ते साधारण असं: 'गोदा असं असं करते, मग असं, म्हणजे तिला सांगायचंय की काहीतरी धोका आहे.' यात गोदाला एकही वाक्य मिळालं नाही. तिच्या वाट्याला आली ती 'काहीतरी धोका' एवढीच माहिती, तीही खेळाडूने तिच्या वतीने ओढूनताणून काढलेली.

आता हे असं बोलून बघा: 'गोदा दिवटी भिंतीच्या खोबणीत खोचते आणि सांगते, तिघे आहेत. दोघे घोड्यावर, तिसरा पायी, लंगडतोय. थैली त्या लंगड्याकडेच आहे, कारण बाकीचे दोघे सारखे वळून त्यालाच बघतायत.'

हातांचा उल्लेख झाला तो दिवटी खोचण्यापुरता, आणि तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं की ती हातांनी बोलते. बाकी सगळं तिचं निरीक्षण, तिची अक्कल. प्रत्येक वाक्याला 'खुणेने म्हणते' जोडत बसू नका. नाटकात बोलणाऱ्या पात्राच्या प्रत्येक वाक्याआधी आपण 'जीभ हलवून म्हणतो' असं लिहीत नाही.

हेच वाक्य खऱ्या सांकेतिक भाषेत कसं जाईल, तेही सांगते, कारण वर्णनाला उपयोगी पडेल. ती समोरच्या हवेत तीन जागा ठरवेल. डावीकडे एक घोडेस्वार, उजवीकडे दुसरा, मध्ये जरा मागे तिसरा. एकदा जागा बसल्या की पुन्हा नावं घ्यायची गरज नाही, नुसतं त्या जागेकडे बोट केलं की 'तो' कोण ते कळतं. लंगडणाऱ्याचं सांगताना तिचा स्वतःचा खांदा क्षणभर एका बाजूला झुकेल. घोडेस्वारांचं सांगताना तिची मान वळेल आणि नजर त्या मधल्या जागेवर जाईल. म्हणजे सांगता सांगता ती एकेका माणसाच्या जागी जाऊन येते. 'वळून बघतायत' हे क्रियापद, कोण बघतो, कोणाकडे बघतो, कितीदा बघतो, सगळं एका हालचालीत. विल्यम स्टोकी या अमेरिकी अभ्यासकाने १९६० साली दाखवून दिलं की खुणेचेही घटक पाडता येतात: हाताचा आकार, तो कुठे आहे, कसा हलतो. पुढे तळव्याची दिशा आणि चेहऱ्याच्या हालचाली त्यात जोडल्या गेल्या. चेहरा इथे भावना दाखवायला असतो तसा व्याकरणालाही असतो. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत 'हो की नाही' असा प्रश्न विचारताना डोळे मोठे होतात, मान जरा पुढे येते. 'काय, कुठे, कोण' हे वाक्याच्या शेवटी येतं, नकारही शेवटीच. 'काल मी राजवाड्याला गेलो नाही' हे काल, राजवाडा, मी, जाणं, नाही, असं काहीसं जातं. मराठी माणसाला हे इंग्रजीपेक्षा सोपं जातं, असं आपलं माझं मत.

आता गोदाची पार्श्वभूमी. ताईंनी प्रश्नात यावर दोनच ओळी लिहिल्या आहेत, आणि खरी मेख इथेच आहे. 'बोलत नाही' याची तीन वेगवेगळी कारणं असू शकतात: जन्मापासून ऐकू येत नाही, मोठेपणी ऐकू येईनासं झालं, किंवा ऐकू येतं पण बोलता येत नाही. तिन्ही पात्रं पूर्ण वेगळी. तापात ऐकू येणं गेलेल्या तिशीतल्या शिपायाला मराठी अस्खलित येते, तो बोलेलही, त्याला उत्तर मात्र ऐकू येणार नाही. ऐकू येणारी पण न बोलणारी मुलगी दाराआड उभी राहून सगळं ऐकेल. गोदा जन्मापासून बधिर आहे, म्हणजे मराठी तिच्या कानावर कधी पडलेलीच नाही. मग तिची भाषा आली कुठून?

अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला १७६७ साली. त्याच्या थोडं आधी, १७६० च्या सुमारास, पॅरिसमध्ये लेपे नावाच्या पाद्र्याने बधिर मुलांसाठी शाळा सुरू केली होती आणि तिथे शिकवणं खुणांनी चालायचं. आपल्याकडे अशा शाळा यायला आणखी शंभरावर वर्षं जायची होती. म्हणजे गोदा शाळेत शिकलेली नाही, आणि आज आपण जिला भारतीय सांकेतिक भाषा म्हणतो ती तिला येत असणं शक्य नाही. मोडीही तिला येणार नाही. 'पाटीवर लिहून दाखव' ही सोय कृपया काढून टाका. आजच्या काळातसुद्धा लिहिलेली मराठी किंवा हिंदी ही जन्मतः बधिर माणसाची बहुधा दुसरी भाषा असते. दवाखान्यात कागद पुढे सरकवला की काम झालं असं समजणारे लोक मी रोज बघते.

तर गोष्ट चालवणाऱ्याने बसून ठरवावं. सगळ्यात साधी वाट म्हणजे घरच्या खुणा. एकटी बधिर मुलगी आणि तिच्या घरची माणसं मिळून ज्या खुणा तयार करतात त्या घरात भरपूर चालतात, गल्लीत थोड्या चालतात, गावाबाहेर जवळजवळ नाहीच. हे पात्र म्हणून भारी आहे, पण गोदा जासूद असेल तर अडचणीचं, कारण तिचं म्हणणं तिच्या भावाखेरीज कोणाला कळणार नाही. दुसरी वाट म्हणजे खुणांचं गाव. ही कल्पना नव्हे. कर्नाटकात अलिपूर नावाचं गाव आहे, तिथे बधिर माणसांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या जास्त असल्याने गावाची स्वतःची सांकेतिक भाषा तयार झाली, आणि ऐकू येणारे गावकरीही ती वापरतात. महेश्वरजवळ विणकरांची अशी एक वाडी कल्पून टाका. मग गोदाला भरभक्कम भाषा मिळते, बोलायला माणसं मिळतात, आणि तिचा बापही बाजारात तिच्याशी सहज गप्पा मारू शकतो.

तिसरी वाट मला स्वतःला फार आवडते, फक्त ती मुळात आपल्या दरबारातली नाही. इस्तंबूलच्या उस्मानी दरबारात शेकडो वर्षं बधिर सेवक नोकरीला असत. सुलतानासमोर मोठ्याने बोलणं अदबीला सोडून, म्हणून त्यांची खुणांची भाषा तिथले बाकीचे लोकही शिकत, काही सुलतानही शिकले. थोडक्यात, एका साम्राज्याच्या गाभाऱ्यात खुणांनी बोलणं हे शिष्टाचाराचं लक्षण होतं. तुमच्या गोष्टीत तिकडून फिरत आलेला एखादा म्हातारा व्यापारी महेश्वरच्या घाटावर उतरला आणि गोदाला भेटला, तर दोघांच्या खुणा लगेच जुळणार नाहीत. पण एखादा आठवडा एकत्र घालवला की बरंच जमेल. वेगवेगळ्या देशांतली बधिर माणसं एकमेकांशी ज्या वेगाने जुळवून घेतात तो आपल्यासारख्यांना जमत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

पण यात एक मर्यादा आहे, आणि ती इंदूरकरांना वेगळी सांगायला नको. लहानपणी हरवून पाकिस्तानात पोचलेली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये परत आलेली गीता ही बधिर मुलगी इथेच राहिली, आणि तिच्या घराचा शोध वर्षानुवर्षं तिने खुणांनी सांगितलेल्या आठवणींवरून चालला. लहानपणी हरवलेल्या, लिहितावाचता न येणाऱ्या बधिर मुलीला गावाचं नाव सांगता येत नाही, कारण ते नाव तिच्यापर्यंत कधी पोचलेलंच नसतं. गाव कसं दिसतं ते मात्र ती बारीकसारीक सांगू शकते. गोदाच्या बातम्याही अशाच येऊ द्या. 'मंडलेश्वरच्या सुभेदाराचा माणूस' हे तिला कळणार नाही. 'डाव्या कानात भिकबाळी, कपाळावर जुना वार, घोड्याचा मागचा एक पाय पांढरा' हे कळेल. बाकीच्यांनी त्यावरून माणूस ओळखायचा. बघा, खेळ किती रंगतो.

याच नियमाने माणसांची नावंही येतात. बधिर समाजात प्रत्येकाला एक खुणेचं नाव मिळतं, बहुधा दिसण्यावरून किंवा सवयीवरून, आणि ते आपण स्वतः घेत नाही, समाज देतो. माझं कपाळावरच्या व्रणावरून पडलं आहे. गोदाने टोळीतल्या प्रत्येकाला असं नाव द्यावं. त्यावरून तिचा स्वभाव जितका दिसेल तितका दहा संवादांतून दिसणार नाही.

आता खेळाचे नियम. गोष्ट चालवणारे इथे दोन टोकं गाठतात. एक तर गोदाच्या प्रत्येक वाक्याला फासे टाकायला लावतात, 'बघू, बाकीच्यांना कळलं का!' हे बंद करा. टोळीतल्या ज्यांना तिची भाषा येते त्यांना ती येते, विषय संपला. मराठी कळली का यासाठी तुम्ही फासे टाकत नाही. दुसरं टोक म्हणजे खुणा फुकटात मिळालेली गुप्त भाषा समजणं. खुणा लांबून दिसतात! ज्याला येतात त्याला चौकाच्या पलीकडूनही कळतात. कुजबुजायचं असेल तर बधिर माणसं हात खाली, अंगाजवळ घेतात, खुणा लहान करतात, पाठ फिरवतात. गोदालाही तेच करावं लागेल. गुप्तच हवी असेल तर बाजारातला रुमालाखालचा सौदा आठवा. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. तो संकेत आहे, भाषा नाही. त्यात भाव ठरतो, भांडण होत नाही, प्रेम होत नाही, चहाडी करता येत नाही. गोदाच्या भाषेत हे सगळं होतं.

अंधार हा तिचा खरा शत्रू. अमावास्येला दिवटी विझली की ती मुकी झाली आणि तिच्याशी बोलणाराही मुका झाला. मग हातात हात घेऊन, तळव्यावर स्पर्शाने जेवढं होईल तेवढंच. हात गुंतले तर बोलणं अडतं: दोर धरलाय, मूल कडेवर आहे, ढाल-तलवार आहे. एक हात मोकळा असेल तर बोलता येतं, पण तोंडात पानाचा तोबरा असताना बोलावं तसं. कैद करून हात मागे बांधले, तर इतरांचे हात बांधले जातात आणि तिची वाचा जाते. असा प्रसंग आणायचा तर पूर्ण जाणिवेने आणा, दर दोन बैठकींनी नको. आणि आधी त्या खेळाडूला विचारून घ्या.

तिच्या फायद्याच्या जागाही तितक्याच खऱ्या आहेत, फक्त त्या लोकांना सुचत नाहीत. महेश्वरजवळ सहस्रधारेला नर्मदा खडकांमधून फुटून वाहते, तिथल्या घोषात शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही. गोदा तिथे निवांत बोलेल. मागांचा खडखडाट, मिरवणुकीतले ढोलताशे, घाटावरून नावेतल्या माणसाशी बोलणं, बंद गवाक्षातून दिसणाऱ्या माणसाशी बोलणं, या सगळ्यात ती बाकीच्यांच्या पुढे आहे. तिची नजर घारीसारखी मात्र करू नका. लांबचं जास्त दिसतं असं काही नसतं. कडेच्या नजरेत हललेलं पटकन टिपण्यात लहानपणापासून खुणांनी बोलणारी बधिर माणसं सरस ठरतात, असं अभ्यासात दिसलं आहे. फाशांवर एखादा गुण द्यायचा तर तिथे द्या. जमिनीच्या कंपनावरून कोसभर लांबचे घोडे ओळखणं वगैरे सोडून द्या.

ओठ वाचण्याबद्दल तर मला हात जोडून सांगायचं आहे. सिनेमांनी हे फार बिघडवलं आहे. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पात, बात, भात, मात' म्हणा. चारही वेळा ओठ तसेच. क, ख, ग, घ तर घशाशी होतात, बाहेर काही दिसतच नाही. त्यावर मिशा, अंधार, वळलेलं तोंड. आणि मुळात ती भाषा आधी येत असेल तरच ओठांवरून अंदाज बांधता येतो. मराठी कधी न ऐकलेल्या गोदाने बुरुजावरच्या दोन सरदारांचं खलबत ओठांवरून वाचलं, असं झालं की तुमच्या पात्राचा जादूगार झाला. कोण चिडलं, कोण घाबरलं, थैली कोणी कोणाला दिली, एवढं तिला कळेल. जासुदाला तेवढं पुष्कळ.

आता दुभाष्याचा भाग. इथे माझं पोट भरतं, त्यामुळे जरा रेंगाळते. टोळीत गोदाचा भाऊ असणार, तो तिचं बोलणं इतरांना सांगणार. प्रत्यक्षात काय होतं सांगते. मी एखाद्या बधिर गृहस्थांबरोबर कचेरीत जाते. साहेब माझ्याकडे बघून म्हणतात, 'इनसे पूछिए, कागज़ लाए हैं क्या?' मी ते वाक्य जसंच्या तसं खुणांत सांगते, 'इनसे पूछिए'सकट. गृहस्थ हसतात आणि म्हणतात, 'मला विचारा ना, मी समोरच बसलोय.' मी तेही जसंच्या तसं बोलते. दुभाषी 'मी' म्हणते ते समोरच्याचं 'मी' असतं. दवाखान्यात मी 'माझं पोट तीन दिवस दुखतंय' म्हणते तेव्हा नवखे डॉक्टर आधी माझ्या पोटाकडे बघतात.

तुमच्या गोष्टीतला कमाविसदार, म्हणजे महसुलाचा अधिकारी, पहिल्यांदा भावालाच विचारेल, 'ही काय म्हणते?' विचारू दे, त्या काळचा माणूस तसाच असणार. तो तिला 'मुकी' म्हणेल, आणखी काही म्हणेल. पण गोष्ट चालवणाऱ्याने निवेदनात तो शब्द वापरू नये, आणि बाकीच्या पात्रांनी बोलताना गोदाच्या खेळाडूकडे बघावं, भावाच्या खेळाडूकडे नव्हे. हे अगदी छोटं वाटतं. करून बघा, टेबलावरची हवा बदलते. शिवाय भाऊ म्हणजे काही माझ्यासारखी पगारी दुभाषी नाही. त्याचे स्वतःचे हिशेब आहेत. बहिणीचं तिखट वाक्य तो कमाविसदारासमोर गोड करून सांगेल का? एखादं गिळून टाकेल का? आणि कमाविसदाराचा चेहरा बघून गोदाच्या ते लक्षात येईल का? येईलच. चेहरे वाचण्यात तिचा जन्म गेला आहे. त्या रात्रीचं भावंडांचं भांडण तुमच्या सगळ्या लढायांपेक्षा रंगेल. दोन्ही खेळाडूंनी ते आधी आपसात ठरवून घ्यावं म्हणजे झालं.

स्वभावाबद्दल फार बोलत नाही, कारण ताईंनी गोदाला जासूद केलं तिथेच अर्धं काम झालं आहे. आपल्याकडे 'मुकी बिचारी कुणीही हाका' ही म्हण इतकी मुरली आहे की लेखकाच्या हातून अशी पात्रं आपोआप सोशीक, देवभोळी, निष्पाप होतात. नाहीतर दुसरा साचा, ऐकू न येणाऱ्या काकांचा, जे एकाचं भलतंच ऐकतात आणि प्रेक्षक लोळतात. गोदा खोटं बोलू दे. तिला कोणाचा तरी मत्सर वाटू दे, बापाच्या पैशातले चार आणे ती लांबवू दे. आणि शेवटी नर्मदामाईच्या कृपेने तिला ऐकू येऊ लागलं, हा शेवट मेहेरबानी करून कोणी सुचवू नका. बधिर माणसांनी ही गोष्ट इतक्यांदा बघितली आहे की तिचा कंटाळाही आता जुना झाला.

खऱ्या खुणा वापरायच्याच असतील तर मोजक्या वापरा, आणि नीट शिकून. युट्यूबवर शोधाल तर समोर येईल ते बहुतेक अमेरिकी असतं. एका हाताची इंग्रजी मुळाक्षरं तिथली. आपल्याकडे ती दोन हातांनी करतात, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या पाच टोकांवर इंग्रजीचे पाच स्वर बसवलेले असतात. दिल्लीला २०१५ साली सुरू झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द झाले. त्यातून 'बाई' बघा, चमकीच्या जागी नाकपुडीला बोट. 'पुरुष' बघा, मिशीवर. पण कोश बघून बोलायला शिकता येत नाही, ते बधिर शिक्षकाकडूनच, आणि त्यांची फी देऊन. गावोगावी खुणा बदलतात, त्यामुळे इंदूरच्या माणसाने शिकवलेली खूण कोशात वेगळी दिसली तर शिक्षकांचं ऐका.

आता तुमच्या त्या नकार देणाऱ्या मित्राबद्दल. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. हीच गोदा तुम्ही रंगमंचावर आणणार असाल, तिकीट लावून, तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन. तिथे बधिर अभिनेत्री शोधावी. मार्ली मॅटलिनला १९८७ साली आणि ट्रॉय कोट्सरला २०२२ साली ऑस्कर मिळालं ते दोघेही बधिर आहेत, म्हणजे 'असे नट मिळतात कुठे' हे कारण चालत नाही. घरच्या टेबलावर मात्र तुम्ही कोणाची जागा अडवत नाही. तिथे ऐकू येणाऱ्या खेळाडूने आठवड्यातून एक रात्र खुणांच्या बाजूने विचार केला तर मला ते हवंच आहे. मधली पायरी म्हणजे खेळ चित्रित करून इंटरनेटवर टाकणं. तसा बेत असेल तर आधी एखाद्या बधिर व्यक्तीला दाखवा आणि ती सांगेल ते कापा.

आणि 'आपल्यात कुठे कोण बधिर आहे' असं गृहीत धरू नका. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेल्यांची नोंद ५० लाखांच्या वर होती. कोणी उद्या खेळायला आलं तर काय करायचं ते आजच ठरवून ठेवा. गोल बसा, सगळ्यांची तोंडं सगळ्यांना दिसली पाहिजेत. मेणबत्त्या लावून वातावरणनिर्मिती करता ना, ती बंद, सरळ ट्यूबलाइट लावा, आणि खिडकीकडे पाठ करून कोणी बसू नका. एका वेळी एकानेच बोला, इंदुरी माणसाला जड जाईल पण प्रयत्न करा. कोणाचं लक्ष वेधायचं तर खांद्याला हात लावा किंवा हात हलवा. खुणांनी बोलणाऱ्या दोघांच्या मधून जायची वेळ आली तर थांबून माफी मागत बसू नका, सरळ निघून जा.

आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हे: नकाशा आणि बोलणं एकाच वेळी बघता येत नाही. गोष्ट चालवणारा नकाशावर बोट फिरवत बोलत राहिला की बधिर खेळाडूला एक तर नकाशा मिळतो नाहीतर दुभाष्याचे हात. आधी दाखवा, थांबा, मान वर येऊ दे, मग बोला. फासे टाकल्यावर आकडा बोटांनी दाखवा. पोहे-जलेबी खेळ सुरू व्हायच्या आधी उरकून घ्या, कारण हातात बशी असेपर्यंत तो खेळाडू बोलू शकणार नाही.